एजन्सी ऑप्ट-आउटवर सही मागतेय, करू का?

थेम्सकाठी:
नमस्कार. इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते, स्वतःच्या लिमिटेड कंपनीतून टेस्टिंगची कामं घेते. एका बँकेत मुलाखत झाली, निवडही झाली, सोमवारी रुजू व्हायचंय. आज एजन्सीने कंत्राटासोबत एक पत्र पाठवलं: मी आणि माझी कंपनी २००३ च्या एजन्सी नियमांतून बाहेर पडतो म्हणून. फोनवर म्हणाले, "सगळेच करतात, सहीशिवाय सुरुवात होणार नाही." शिवाय कंत्राटात लिहिलंय, बँकेचे पैसे आले की मगच माझे मिळणार. सही केली तर माझं काय जाईल?

जुना_कंत्राटी:
ताई, सही करू नका. आधी पैशांचं बघा. त्या २००३ च्या नियमांतल्या नियम १२ प्रमाणे क्लायंटने एजन्सीला पैसे दिले नाहीत, किंवा टाइमशीटवर त्याची सही नाही, एवढ्या कारणावरून तुमचे पैसे अडवता येत नाहीत. काम झालंय का, याची खात्री करायला एजन्सी वाजवी वेळ घेऊ शकते, बस. ऑप्ट-आउट केलंत की हे संरक्षण गेलं आणि 'बँकेचे आल्यावर' हे कलम तुमच्या मानगुटीवर बसलं.

माझ्या एका कामात क्लायंटचा मॅनेजर नोकरी सोडून गेला, टाइमशीट मंजूर करायला कुणी उरलंच नाही. मी ऑप्ट-आउट केलेलं नव्हतं. कामाच्या ईमेल जोडल्या, नियम १२ चा उल्लेख केला, आणि एजन्सीने बिल चुकतं केलं. घराचा हप्ता त्या पैशांवर होता, म्हणून एवढ्या कळकळीने लिहितोय.

पुढे बँकेने तुम्हाला थेट घ्यायचं म्हटलं, तर नियम १० एजन्सीच्या ट्रान्सफर फीला (माणूस थेट घेतल्याबद्दल ती क्लायंटकडून मागते ती रक्कम) मुदत घालतो: काम संपल्यापासून ८ आठवडे किंवा सुरू झाल्यापासून १४ आठवडे, यातलं जे नंतर संपेल ते. ऑप्ट-आउटनंतर ही मर्यादा राहत नाही.

आणि 'सही नाही तर काम नाही' अशी अट घालायला नियम ३२ मध्ये सरळ मनाई आहे.

स्लाउचा_सोलापूरकर:
पण ऑप्ट-आउटने आयआर३५ ला (स्वतःच्या कंपनीतून काम करणारा खरा कंत्राटी की करापुरता नोकरदारच, हे ठरवणारा करनियम) मदत होते ना? माझा अकाउंटंट तसं म्हणतो.

जुना_कंत्राटी:
नाही हो दादा. आयआर३५ मध्ये काम प्रत्यक्षात कसं चालतं ते पाहतात: तुमच्या कामावर हुकूम कुणाचा, बदली माणूस पाठवता येतो का. शिवाय एप्रिल २०२१ पासून मोठ्या खासगी क्लायंटच्या बाबतीत तो निर्णय क्लायंटच घेतो. एका पत्राने तो फिरत नाही.

थेम्सकाठी:
मग एजन्सीला काय लिहू? सोमवार हातचा जायला नको.

जुना_कंत्राटी:
भांडू नका, दोनच ओळी लिहा: "मी ऑप्ट-आउट करत नाही. नियम ३२ प्रमाणे ही अट घालता येत नाही, तरी पैशांचं कलम नियम १२ ला धरून बदलून सुधारित कंत्राट पाठवा." ईमेलच करा, फोनवरचं बोलणं नंतर सिद्ध करता येत नाही. अडून बसले तर ॲकासच्या (कामाच्या हक्कांवर सल्ला देणारी, सरकारी पैशांवर चालणारी संस्था) हेल्पलाइनला फोन करा, सल्ला फुकट मिळतो.

केअरहोमवाली:
माझ्यासारख्या फिजिओ किंवा नर्सच्या कंपन्या असतील त्यांच्यासाठी: वृद्ध, आजारी किंवा १८ वर्षांखालच्यांची देखभाल असलेल्या कामात ऑप्ट-आउट चालतच नाही. कुणी पत्र पुढे केलं तर हे सांगा.