मदत हवी आहे: माझ्या सांगण्यावरून मुलाने टिटवीची अंडी उचलून आणली. त्याला परत पक्ष्यांकडे कसं आणू?

नमस्कार. भिगवणजवळ उजनीच्या बॅकवॉटरला लागून आमचं गाव आहे. गेल्या वर्षीच्या पक्षी सप्ताहापासून (५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अलींचा) मी एका गटाबरोबर पक्षीगणनेला जाते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की जिल्हा परिषद शाळेतल्या चौथी-पाचवीच्या मुलांना काठावर नेते. मुलं चाळीस, दुर्बिणी दोन.

त्यात पाचवीतला एक मुलगा आहे. जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेला तो हट्टाने माझ्यासोबत आला होता. टिबुकली सारखी बुडी मारते, म्हणून मी तीच तीच पुन्हा मोजत होते. तो म्हणाला, "ताई, ती बुडाली की तिथेच बघत राहायचं. वर आल्याशिवाय दुसरी मोजायची नाही." असा डोळा असलेला मुलगा.

मार्चमध्ये पाणी ओसरलं, गाळपेराची जमीन उघडी पडली आणि टिटव्यांनी तिथे ढेकळांत अंडी घातली. मी वर्गात म्हणाले, "टिटवीचं घरटं कोण शोधतं बघू. शोधेल त्याला माझ्याकडून वही." शोधा, लांबून बघा आणि मला येऊन सांगा, असं मला म्हणायचं होतं. पुढचं बोलायचं राहून गेलं.

पुढच्या शनिवारी तो टोपी दोन्ही हातांनी छातीशी धरून आला. टोपीत गवत आणि गवतावर चार अंडी. मातकट रंग, त्यावर काळे ठिपके, एका टोकाला निमुळती. हात लावला तर अजून कोमट. "ताई, चारही आणली. एकपण फुटू दिलं नाही."

मी काही बोलायच्या आत आमच्या गटातले एक ज्येष्ठ सर्वांदेखत त्याच्यावर ओरडले, "जेलमध्ये जाशील, कायदा माहीत आहे का?" १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अंडी उचलणं ही शिकारच धरली आहे, हे खरं. पण दहा वर्षांचं पोर ते. मी सांगितलेलं त्याने मन लावून केलं होतं. चूक माझी होती आणि बोलणी त्याने खाल्ली. हे मला अजून झोपू देत नाही.

आम्ही दोघं अंडी घेऊन परत गेलो. त्याला जागा बरोबर आठवत होती: पसाभर खळगा, कडेला बारीक खडे आणि शेळीच्या लेंड्या. टिटवी डोक्यावर ओरडत फिरत होती. अंडी ठेवून आम्ही लांब बाभळीखाली बसलो. पाऊण तासाने ती आली, चारदा उठली, बसली आणि मग बसूनच राहिली. तो एक शब्द बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मी जाऊन पाहिलं तर खळगा रिकामा. कुत्रं, मुंगूस की कावळा, काही कळायला मार्ग नाही. त्यानंतर तो दोन शनिवार आलेला नाही. त्याची आजी म्हणाली, "ताई रागावल्यात, असं म्हणतो."

ज्यांनी गावाकडच्या मुलांबरोबर काम केलंय त्यांना विचारते. त्याच्याशी काय बोलू? खळगा रिकामा झाला हे त्याला सांगू का? आणि बाकीच्या मुलांना घरटी दाखवायचीच नाहीत का? आमच्याकडे मुलांच्या खिशात बेचकी असते, घरात पिंजऱ्यात पोपट असतो. नुसतं "हे करू नका, ते करू नका" सांगून मुलं माझ्यापासून लपवायला शिकतील, ही भीती वाटते.

गणनेचीही एक अडचण आहे. वारकरी या काळ्या पाणपक्ष्यांचा मोठा थवा मी ३४० मोजला, शेजारच्या सहकाऱ्याने ५००. मधेच वरून शिकारी पक्षी फिरला आणि सगळे एकमेकांना चिकटले. शेवटी "चारशे लिहा" असं ठरलं. ते मला पटलेलं नाही. शिवाय गटात सांगतात की कावळे, साळुंक्या लिहीत बसू नका, "महत्त्वाचे" पक्षी तेवढे लिहा. हे बरोबर आहे का?

प्रतिसाद १

ताई, आधी मुलाचं. त्याच्या घरी जा, शाळेत बोलावू नका. आजीच्या समोर सांगा की चूक तुमची होती. आणि खळगा रिकामा झाला हेही सांगा. तो आज ना उद्या तिकडे जाऊन बघणारच, तेव्हा तुमच्याकडूनच कळलेलं बरं. एक गोष्ट मात्र नक्की सांगा: टिटवीची अंडी गेली तर ती बहुधा पुन्हा घालते. हंगाम अजून बराच बाकी आहे.

घरटी दाखवणं बंद करू नका. अंतर शिकवा. टिटवी ओरडायला लागली की आपण जास्त जवळ आलो, तिथून मागे फिरायचं. हा नियम मुलांना लगेच कळतो, कारण तो पक्षीच सांगतो. खूण म्हणून काठी किंवा दगड ठेवू नका, त्यावरून कुत्र्या-कावळ्यांनाही जागा सापडते. लांबून बघण्यासारखं खूप आहे. भर उन्हात टिटवी पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि तशीच येऊन अंड्यांवर बसते. पिल्लं बाहेर यायला साधारण चार आठवडे लागतात. मुलांना वहीत रोजची नोंद ठेवू द्या.

टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस जास्त, असं आमच्याकडची म्हातारी माणसं सांगतात. तुमच्याकडेही सांगत असतील. आजीला वर्गात बोलवा. खरं-खोटं राहू द्या, पण घरट्यावर लक्ष ठेवणारी माणसं गावात आधीपासून आहेत हे मुलांना कळेल.

प्रतिसाद २

गणनेबद्दल लिहितो. दोघांचे आकडे मिळवून मधला काढू नका. सूर्य पाठीशी घेऊन उभं राहा, एका वेळी एकच जात घ्या. थव्यातले दहा पक्षी नीट मोजा, तेवढा तुकडा डोळ्यांत धरा आणि तो पुढे पुढे सरकवत जा. मोठा थवा असेल तर पन्नासचा तुकडा. पक्षी दचकले तर ते पांगेपर्यंत थांबा आणि पुन्हा सुरुवातीपासून मोजा. प्रत्येकाने स्वतंत्र तीनदा मोजायचं, मगच आकडे एकमेकांना सांगायचे. तरीही तफावत मोठी राहिली तर दोघांनी मिळून परत मोजा. अंदाज असेल तर शेऱ्यात तसं लिहा.

कावळे, साळुंक्या वगळणं चूकच. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी देताना ओळखलेले सगळे पक्षी नोंदवलेत का, असं विचारतात. त्याचं उत्तर "हो" असेल तरच एखादा पक्षी यादीत नाही याला अर्थ येतो. २०२३च्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीच्या अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे, तो असल्याच यादींवर उभा आहे. थापट्या, तलवार बदक हे आपल्याकडचे नेहमीचे पाहुणे कमी होत असल्याचं त्यातूनच दिसलं. नीलकंठही घटलाय. साधा म्हणून कुणी लिहिलाच नसता तर हे कळलं नसतं.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. काल संध्याकाळी त्याच्या घरी गेले. आजीसमोर माफी मागितली, खळग्याचंही सांगितलं. तो म्हणाला, "मला माहितीये. मी दुसऱ्या दिवशीच गेलतो." म्हणजे माझ्याआधी त्यानेच पाहिलं होतं आणि एकटाच ते घेऊन बसला होता. मी वही दिली तर घेईना. मग विचारलं, टिटवी पुन्हा अंडी घालेल तेव्हा तारखा कोण लिहिणार? तेव्हा घेतली.

शनिवारी येतो म्हणालाय. ज्येष्ठांशी मी या आठवड्यात बोलणार आहे. अजून एक विचारायचं आहे: पोटाची पिसं भिजवणारी टिटवी बघायला दिवसातली कोणती वेळ बरी? मुलांना तेवढा वेळ उन्हात बसवायचं नाहीये. तिथे सावलीला ती एकच बाभूळ आहे.