मदत हवी आहे : ‘अक्षरं तीच, शब्द दोन’, चौथं अडलंय

बोरकूट : चुलतभावंडांच्या ग्रुपवर कोडी चालू आहेत. एका सूचनेत दोन शब्द लपलेले. चौथं असं : ‘एक देवीपुढे रात्रभर, एक कोशिंबिरीत किसून.’ नऊला बंद होतंय. पटकन सांगा, गप्पा नकोत.

सुमीत_ठाणे : किती अक्षरी? आधीची कोणती सुटली?

बोरकूट : तीन अक्षरी, अर्थातच. मगर–गरम, दगड–गडद सुटली.

नानाकाका : सोप्पंय. काकडा–काकडी.

पाटीपेन्सिल : नाना, काकडा पहाटे असतो. आणि काकडी कोचवतात, किसत नाहीत.

नानाकाका : आमच्याकडे किसतात.

सुमीत_ठाणे : पायथनमध्ये पाच ओळींचं काम आहे. शब्दाचे तुकडे क्रमाने लाव, शब्दांच्या यादीशी ताडून बघ. फक्त युनिकोडमध्ये काना वेगळा मोजतात आणि ‘क्ष’चे तर तीन तुकडे होतात.

बोरकूट : मी बसमध्ये आहे, फोनवर!

रेवा : सुमीतचा मुद्दा कामाचा आहे पण. तुमच्यात काना अक्षराला चिकटून फिरतो की सुटा? चिकटून असेल तर लता–ताल चालेल, वीज–जीव नाही. आणि तीन सुटली ना? तिसरं कुठाय?

बोरकूट : माळ–मळा. त्याचा इथे काय संबंध?

रेवा : अरे, तेच तर विचारतेय! मा-ळ आणि म-ळा. म्हणजे काना सुटा आहे. मग जागर–गाजर. ज आणि ग जागा बदलतात, काना आहे तिथेच. त्यातूनच गजराही निघतो.

नानाकाका : ही शुद्ध फसवणूक. अक्षर म्हणजे काना-वेलांटीसकट. अशाने उद्या नवरा–वानरही चालवाल.

पाटीपेन्सिल : आमच्या घरी कधीचं चालतं.

सुमीत_ठाणे : इंग्रजीत ही कटकटच नाही. ‘इलेव्हन प्लस टू’ची अक्षरं हलवली की ‘ट्वेल्व्ह प्लस वन’. बेरीज तेरा, अक्षरंही तेरा.

मेतकूट : गाजराच्या कोशिंबिरीत दाण्याचं कूट घाला, वरून हिंग-मोहरीची फोडणी. मीठ वाढतानाच, नाहीतर पाणी सुटतं.

बोरकूट : कोशिंबीर कोणी विचारली? असो, पाठवलं. पाचवं आलंय : ‘एक घाम गाळून, एक भाजून.’ दोन अक्षरी. लवकर.

नानाकाका : काम–मका. काना चिकटलेला, बघा. याला म्हणतात कोडं.

मेतकूट : भाजताना लिंबू-तिखट विसरू नका.