हाफ-फ्रेमसाठी स्वस्त ब्लॅक अँड व्हाइट रोल: फोमापान की केंटमिअर?

प्रश्न
ऑलिंपस पेन ईई-३ या हाफ-फ्रेम (नेहमीच्या फ्रेमच्या अर्ध्या आकारात फोटो काढणाऱ्या) कॅमेऱ्यात कुठला रोल कायम ठेवावा? फोमापान १०० आणि ४००, केंटमिअर १०० आणि ४०० असे चार समोर आहेत (आकडा फिल्म-स्पीडचा, म्हणजे उजेडाला किती संवेदनशील त्याचा). ऊन आणि ढगाळ हवा, दोन्हीला एकच रोल पाहिजे. डेव्हलपिंग घरी, रोडिनाल या डेव्हलपरमध्ये. प्रिंट जास्तीत जास्त २०×२५ सेंमी. एका रोलवर ७२ फोटो निघतात, मग चारही रोल न संपवता तुलना कशी करायची?

चांदीचे_कण
४०० चे दोन्ही रोल वगळा. या कॅमेऱ्याला १/४० आणि १/२०० असे दोनच शटर स्पीड आहेत. भर उन्हात ४०० चा रोल असला की लेन्सचं छिद्र थेट सगळ्यात लहान, एफ/२२ पर्यंत मिटतं, आणि तिथे डिफ्रॅक्शनमुळे (लहान छिद्रातून उजेड पसरल्याने) चित्र मऊ पडतं. १०० चा रोल त्याच उन्हात १/२०० ला एफ/११ च्या आसपास बसतो. साध्या ढगाळ हवेतही १/२०० ला एफ/४.५ च्या आसपास मिळतं, म्हणजे १०० पुरतो.

शिवाय दाणा, म्हणजे चित्रात दिसणारे कण. १८×२४ मिमीची फ्रेम २०×२५ सेंमीला न्यायची तर ११ पट मोठी करावी लागते, पूर्ण फ्रेम ८ पटींत भागते. रोडिनाल दाणा मऊ करत नाही, उठावदार करतं. संध्याकाळसाठी ४०० हवाच असेल तर केंटमिअर घ्या आणि डी-७६ डेव्हलपर वापरा. फोमापान ४०० ला कॅमेऱ्याची फिल्म-स्पीडची रिंग २०० वर ठेवावी लागते, नाहीतर सावल्या कोऱ्या येतात.

टाकी_आणि_रीळ
तुलनेसाठी रोल कापा. हाफ-फ्रेम दर फोटोला ४ छिद्रं सरकते, म्हणजे १९ मिमी. २० फ्रेमला ३८ सेंमी, पुढची जीभ आणि मागची शेपटी धरून ७० सेंमी. चेंजिंग बॅगेत (उजेड न शिरणाऱ्या पिशवीत) कापून रिकाम्या कॅसेटच्या दांड्याला टेपने चिकटवा.

कॅमेरा ट्रायपॉडवर. दृश्य असं निवडा की त्यात उन्हातली पांढरी भिंत आणि सावलीतलं गडद कापड दोन्ही येतील. फिल्म-स्पीडची रिंग ५०, १००, २०० अशी फिरवून तीन फोटो, मग एक काळी फ्रेम, म्हणजे निगेटिव्हवर गट ओळखू येतात. इथे एक अडचण येते: उजेड मोजणारा सेलेनियमचा सेल लेन्सभोवतीच असल्याने लेन्स झाकली की लाल झेंडी वर येते आणि शटर अडतं. छिद्राची रिंग ‘ए’ (ऑटो) वरून एफ/२२ वर न्या, लेन्स झाकून दाबा. मग आठवणीने परत ‘ए’ वर.

चांदीचे_कण
त्याआधी सेल तपासा. सेलेनियम म्हातारं झालं असेल तर तुलना रोलची न होता सेलची होईल.

ओली_निगेटिव्ह
१०० च्या दोघांत मी केंटमिअर घेईन. फोमापान १०० चा कॉन्ट्रास्ट झपाट्याने चढतो, आणि खिडकीसारख्या प्रखर कडेभोवती उजेड पसरतो. हाफ-फ्रेममध्ये तो पसरलेला उजेड प्रिंटवर आणखी रुंद दिसतो. तरी फोमा वापरायची तर रोडिनाल १+५०, म्हणजे ६ मिली आणि ३०० मिली पाणी, २० अंशांना ९ मिनिटांपासून सुरुवात करा. पहिली ३० सेकंद सलग, नंतर दर मिनिटाला दोनच वेळा टाकी हळू उलटी. ओतून टाकताना पाणी निळं-हिरवं दिसेल, तो रंग फिल्मच्या मागच्या थराचा, घाबरू नका. ओली असताना बोटांनी निपटू नका, थर मऊ असतो, लगेच ओरखडे उमटतात. केंटमिअरला वेळ बराच जास्त लागतो, दोन्ही एका टाकीत घालू नका.