जुने गार्डन ट्रॅक्टर: ज्यांच्याकडे आहेत त्यांनी लिहा

मंडळी, साठ-सत्तरच्या दशकातला गार्डन ट्रॅक्टर कुणाकुणाकडे अजून चालता आहे? मी नुसत्या गवत कापायच्या गाडीबद्दल विचारत नाहीये. ज्याला मागे नांगर आणि पुढे पातं जोडता येतं, ज्याचा गिअरबॉक्स ओतीव लोखंडाचा असतो, तसा. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट 1961 मध्ये आला, जॉन डिअरचा 110 हा 1963 मध्ये. व्हील हॉर्स त्याच्याही आधीपासून होता. त्यांतले बरेच अजून कामाला जुंपलेले आहेत, कारण कुणीतरी घरी बसून हात काळे करतंय. तुमच्याकडे काय बिघडलं, कसं सापडलं, ते सविस्तर लिहा. ‘मस्त मशीन आहे’ एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.

* * *

माझा गार झाल्यावर पहिल्या झटक्यात सुरू व्हायचा, अर्धा तास चालायचा आणि मग गचके खात बंद. थोड्या वेळाने पुन्हा ठणठणीत! अशा वेळी सगळे कार्ब्युरेटर उघडायला सांगतात. मी आधी दोन गोष्टी बघतो, त्याही इंजिन बंद पडल्या पडल्या. टाकीचं झाकण सैल करायचं. ‘फुस्’ असा आवाज होऊन हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. तसं नसेल तर इंजिन गरम असतानाच प्लग काढून स्पार्क बघायचा, गार झाल्यावर बघून उपयोग नाही. आणि हे करताना सांडलेलं पेट्रोल आसपास नको. माझ्याकडे स्पार्क अगदी मलूल, पिवळसर होता. कंडेन्सर (स्पार्कच्या यंत्रणेतला छोटा डबीसारखा भाग) बदलला, काम झालं. स्पार्कची वीज तयार करणारी कॉइलही गरम झाल्यावर अशीच दगा देते, पण कंडेन्सर स्वस्त असतो, म्हणून आधी तो.

* * *

वरच्यांना जोड. कोहलर कंपनीच्या के मालिकेच्या इंजिनांत पॉइंट (स्पार्कसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) ब्लॉकच्या बाजूला एका छोट्या झाकणाखाली असतात, फ्लायव्हील (इंजिनचं जड चाक) काढावं लागत नाही. गॅप 0.020 इंच. फीलर गेजची (फट मोजायच्या साधनाची) पट्टी आत सरकवताना किंचित ओढ लागली पाहिजे, सैल फिरायला नको. पट्टी तेलकट असेल तर पुसून घ्या. ते तेल पॉइंटवर राहिलं की आठवड्याने पुन्हा मिसिंग, म्हणजे इंजिन अडखळतं. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण पॉइंट काय झालंय ते डोळ्यांना दाखवतात. इलेक्ट्रॉनिकची डबी बंद पडली की बंद.

* * *

माझ्याकडे स्टार्टर-जनरेटरवाला आहे. म्हणजे एकच यंत्र पट्ट्यावर चालतं, इंजिन फिरवून सुरू करतं आणि नंतर बॅटरी चार्ज करतं. चावी फिरवली की नुसतं ‘खट्’. नवी बॅटरी आणली तरी तेच. शेवटी मीटर लावला: बॅटरीचं ऋण टोक आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यामध्ये चावी फिरवलेली असताना दोन व्होल्टच्या वर दाखवत होता. तिथे जवळपास शून्य हवं. अर्थिंगची पट्टी फ्रेमला जिथे बोल्टने धरलेली, तिथे रंग आणि गंज. सॅंडपेपरने लखलखीत धातू काढला, दातेरी वॉशर टाकला, वर ग्रीस. कुणाला पटो न पटो, जुन्या ट्रॅक्टरचे निम्मे ‘मेलेले’ स्टार्टर असेच जिवंत असतात.

जनरेटर काढून पुन्हा बसवला असेल तर सुरू करण्याआधी त्याचं पोलरायझिंग, म्हणजे त्याचे ध्रुव बॅटरीशी जुळवणं, करावं लागतं. पद्धत रेग्युलेटरप्रमाणे बदलते, मॅन्युअल बघूनच करा.

* * *

गंजून बसलेल्या बोल्टबद्दल कुणीच लिहिलं नाही! अर्धं आयुष्य त्यात जातं. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री मारून ठेवा, मग उष्णता द्या, मग आधी घट्ट करायच्या दिशेला जरासा रेटा आणि त्यानंतर सोडा. व्हील हॉर्सचं मागचं हब काढताना चौकोनी डोक्याचा सेट स्क्रू आधी काढा, आत अर्धचंद्राकृती चावी असते, म्हणजे हब शाफ्टवर घसरू नये म्हणून बसवलेला लोखंडी तुकडा. आणि फ्लायव्हीलला पहार घालून उचकटू नका, पुलर, म्हणजे ओढून काढायचं साधन, तेच लावा.

* * *

हे थोडं कडवट वाटेल. सीटखालचा आणि क्लचचा सुरक्षेचा स्विच वायर जोडून बायपास केलेले ट्रॅक्टर सर्रास विकायला येतात. खाली फिरणारं पातं आहे हो! मी घेतल्यावर आधी तेच दुरुस्त करतो. ‘स्विच सारखा त्रास देतो’ म्हणणाऱ्यांच्या गाडीत बहुधा कनेक्टर हिरवा पडलेला असतो.

* * *

उतारावर काम करणाऱ्यांनी तेलाकडे दोनदा बघावं. या एका सिलिंडरच्या बऱ्याच इंजिनांत तेलाचा पंप नसतो, कनेक्टिंग रॉडच्या टोकाचा चमचा तेल उडवतो तेवढंच वंगण. पातळी कमी आणि गाडी तिरकी, की चमचा कोरडा फिरतो. रॉड ॲल्युमिनियमचा, तो तुटला की ब्लॉकही घेऊन जातो. मी दर वेळी सपाट जागेवर तेल बघतो, आणि पूर्ण उतार आडवा कधीच कापत नाही. गाडी उलटायची भीती तर आहेच.

* * *

वर्षानुवर्षं उभा असलेला कुणी घेणार असेल तर: चावी फिरवायची घाई नको. प्लग काढून आत चमचाभर तेल सोडा, रात्रभर ठेवा, मग हाताने फिरवून बघा. जुनं पेट्रोल काढून टाका, आंबट वास येतोच. तेल बदला. आणि इंजिनवरचं पत्र्याचं कवच काढाच. माझ्याकडे इंजिन गार ठेवणाऱ्या धातूच्या पंखांच्या मध्ये उंदराचं आख्खं घरटं होतं, चिंध्या, गवत, बियांची टरफलं. इंजिन सुरू झालं असतं, पण हवा कुठून जाणार? ब्रशने आणि तारेने एकेक फट मोकळी केली. बेअरिंग मात्र अजून कुरकुरतंय, गवत कापायच्या डेकच्या मधल्या स्पिंडलचं, म्हणजे पातं फिरवणाऱ्या दांड्याचं. त्याचा माप-क्रमांक पुसला गेलाय. बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि जाडी मोजून घेतलेय, पण सील एका बाजूला हवं की दोन्ही? ज्यांनी बदललंय त्यांनी सांगा.