शपथेवरून अडकलेला खासदार नेमका किती वेळा निवडून आला? (तातडीने मदत हवी)

उपाशी_बोका: व्हिक्टोरिया राणीच्या काळातला तो शपथेवाला ब्रिटिश खासदार, शपथेशिवाय संसदेत बसू देईनात तो. एका ठिकाणी पाच वेळा निवडून आला म्हणतात, दुसरीकडे सहा. कुठला आकडा धरू? उद्या सकाळी मजकूर द्यायचाय.

माळावरचा: दादाभाई नौरोजी ना? ते एकदाच आले, १८९२ साली, सेंट्रल फिन्सबरीतून. २,९६१ विरुद्ध २,९५६, फक्त ५ मतांनी!

उपाशी_बोका: दादाभाई नाहीत हो! नास्तिक होता तो. नॉर्थॅम्प्टनचा.

गवतीचहा: मग नाव लिहायला काय झालं होतं? चार्ल्स ब्रॅडलॉ. आणि हे आकडे कुठल्या सालापर्यंतचे?

उपाशी_बोका: साल दिलेलं नाही, म्हणून तर विचारतोय.

जुनी_पेटी: काही जण ब्रॅडलाफ लिहितात, ते चूक. उच्चार ब्रॅडलॉ.

निवांत: चार शब्दांची शपथ घेऊन मोकळं व्हायचं की. नुसता हटवादीपणा.

गवतीचहा: निवांत, आधी त्याने शपथेऐवजी देवाचं नाव न घेता प्रतिज्ञा करायची सवलत मागितली हे खरं, पण नंतर तो शपथेलाही तयार होता. सभागृहच म्हणालं, देव मानत नाहीस तर तुझ्या शपथेला अर्थ काय? शेवटी फेब्रुवारी १८८२ मध्ये पठ्ठ्याने खिशातून बायबलचा 'नवा करार' काढला आणि भर सभागृहात आपली आपणच शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी हकालपट्टी.
बोका, मोजा: १८८० सार्वत्रिक. १८८१, १८८२, १८८४ पोटनिवडणुका, म्हणजे जागा रिकामी झाली की लोक परत त्यालाच निवडून देत. १८८५ सार्वत्रिक. झाले पाच. जानेवारी १८८६ मध्ये नव्या सभागृहात सभापती पील यांनी कुणाचा आक्षेपच ऐकून घेतला नाही, शपथ झाली. त्याच वर्षी जुलैत परत निवडणूक लागली, ती सहावी.

माळावरचा: १८८९ च्या मुंबई काँग्रेसला आला होता तो. हे घालाच.

उपाशी_बोका: मुंबई नकोय! एका ओळीची चौकट आहे. पाच की सहा?

गवतीचहा: 'शपथ मिळेपर्यंत पाच वेळा' लिहा.

निवांत: तरी १८८८ चा शपथेचा कायदा त्यानेच करून घेतला ना? मग हट्टीच.

गवतीचहा: त्या कायद्याने प्रतिज्ञेचा पर्याय सगळ्यांनाच मिळाला, निवांतराव.

जुनी_पेटी: 'प्रतिज्ञा' की 'दृढकथन'? वेगळा धागा काढतो.