डबाबंद मांस: कुठे सणाची भेट, कुठे थट्टेचा विषय

होटगी_रोडकर (प्रश्न)
डबाबंद मांसाबद्दल जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आपल्याकडे मटण म्हणजे सकाळी दुकानासमोर उभे राहून, मांडीचे हवे की खांद्याचे हे सांगून, डोळ्यांदेखत तोडून घ्यायचे आणि दुपारच्या रश्श्यात संपवायचे. त्यामुळे आखातात नोकरीला असलेल्या भाच्याने चिकन लंचन मीटचा (बारीक करून वडीसारख्या दाबलेल्या मांसाचा) डबा आणून दिल्यापासून घरात दोन तट पडले आहेत. डब्यावरची मुदत संपलेली नाही, परंतु सासूबाईंच्या मते दोन वर्षे टिकते ते मुळात मांसच नव्हे. फ्रिजशिवाय ते इतका काळ टिकते कसे, आणि सोलापूरच्या मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीतही ते टिकेल काय? दुसरे असे, की कोरियात हे डबे सणाला भेट देतात आणि इंग्लंड-अमेरिकेत त्यांची टर उडवतात, असे वाचले. एकाच वस्तूबद्दल मते इतकी टोकाची का?

चाटी_गल्ली
पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. हे मांस टिकते ते मुख्यतः डबा हवाबंद झाल्यानंतर आतल्या मालासकट तापवला जातो म्हणून. फ्रेंच सरकारने १७९५ मध्ये सैन्यासाठी अन्न टिकवण्याच्या पद्धतीला १२,००० फ्रँकचे बक्षीस लावले होते. निकोला आपेर या मिठाई बनवणाऱ्या कारागिराने काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बुचे घट्ट बसवून त्या पाण्यात उकळल्या आणि १८१० मध्ये ते बक्षीस पटकावले. असे केल्याने अन्न का टिकते हे मात्र त्यालाही सांगता येत नव्हते; तो उलगडा पाश्चरने पुढे अर्ध्या शतकाने केला. १८१० मध्येच पीटर ड्युरँडने लंडनला पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले आणि काही वर्षांतच ब्रायन डॉन्किन व जॉन हॉल यांच्या बर्माँडसी येथील कारखान्यातून आरमाराला डबे जाऊ लागले. आपल्या पत्र्याच्या खोलीशी संबंध येतो तो इथे. हे कारखानदार भरलेले डबे ३२ ते ४३ अंश सेल्सिअसच्या उष्णतेत महिनाभर ठेवीत आणि जो फुगणार नाही तोच बाहेर पाठवीत. म्हणजे सोलापूरचा मे महिना त्यांनी लंडनमध्ये मुद्दाम तयार केला होता!

पुढे सगळ्यांनी इतकी काळजी घेतली नाही. स्टीफन गोल्डनर या कंत्राटदाराने ब्रिटिश आरमाराला स्वस्त दरात माल पुरवला. त्याचे डबे मोठे होते आणि मोठ्या डब्याच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोहोचतेच असे नाही. १८५२ मध्ये पोर्ट्समथजवळच्या कोठारात तपासणी झाली, तेव्हा डब्यामागून डबा सडलेला निघाला. वर्तमानपत्रांत बभ्रा झाला, प्रकरण संसदेपर्यंत गेले आणि डब्यातल्या मांसाचे नाव जे खराब झाले ते बराच काळ सुधारले नाही. आज आपल्या प्रेशर कुकरच्याच तत्त्वावर चालणाऱ्या मोठ्या यंत्रांत, साधारण १२१ अंशांवर डबे तापवतात, कारण बोट्युलिझमचे जीवघेणे विष निर्माण करणाऱ्या जिवाणूचे बीजाणू (त्याचे सुप्त, चिवट रूप) साध्या उकळत्या पाण्यात मरत नाहीत.

एक पुस्ती जोडतो. काही उष्णताप्रिय जिवाणूंचे बीजाणू या प्रक्रियेतूनही तगतात. एरवी ते निपचित असतात, पण डबा दिवसेंदिवस ४५ अंशांच्या वर तापत राहिला तर आतले अन्न आंबवू शकतात, आणि तेव्हा डबा फुगलेला दिसेलच असे नाही. तेव्हा डबा माळ्यावर ठेवू नका. खालच्या खोलीतले फडताळ बरे.

कन्ना_चौक
मतभेदांबद्दल मला असे वाटते, की हे मांस कोणाच्या ताटात कोणत्या परिस्थितीत आले, यावर बरेच काही ठरले. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या ऑस्टिन गावी हॉर्मेल कंपनीने १९३७ मध्ये ‘स्पॅम’ बाजारात आणले. डुकराच्या खांद्याचे मांस, हॅम, मीठ, साखर आणि मांस टिकवणारे सोडियम नायट्राइट असा त्याचा साधा मामला होता. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना डबाबंद मांस इतक्या वेळा वाढले गेले की घरी परतल्यावर अनेकांना त्याचे नावही नकोसे झाले. उलट सोव्हिएत सैन्याला त्याच डब्यांनी तारले, आणि स्पॅमशिवाय आपल्या सैन्याला खाऊ घालणे अवघड गेले असते, अशी कबुली पुढे सोव्हिएत नेते झालेल्या ख्रुश्चेव्ह यांनी आठवणींत दिली आहे. कोरियात १९५०-५३ च्या युद्धानंतर मांस दुर्मीळ होते. अमेरिकी छावण्यांतून बाहेर पडलेले डबे तेथील लोकांनी किमचीबरोबर (आंबवलेल्या कोबीबरोबर) शिजवले आणि त्यातून ‘बुदे जिगे’ हा रस्सा रूढ झाला. पुढे देश श्रीमंत झाला, तरी चुसॉकच्या सणाला सजवलेल्या खोक्यांतून हे डबे अजूनही दिले जातात. हवाई बेटांवर भातावर त्याचा परतलेला काप ठेवून, समुद्रशेवाळाची पट्टी गुंडाळून खातात. वरच्या हुकमाने रोज पानात पडलेले अन्न आणि टंचाईत मोठ्या मिनतवारीने मिळवलेले अन्न यांची चव जिभेला सारखी लागत नसावी.

सीनाकाठ
कन्ना चौक यांचे विवेचन पटले, तरी आपल्याकडचा आक्षेप त्यात बसत नाही. इथला प्रश्न चवीआधी विश्वासाचा आहे: जनावर कोणते, ते कोणी आणि कसे कापले, हे बंद डब्यात दिसत नाही. १९१४ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर गेलेल्या हिंदी सैनिकांसाठी जिवंत बकरे पुरवून झटका आणि हलाल यांची वेगवेगळी सोय करावी लागली होती, ती याचसाठी.

आणि होटगी रोडकर, टिकवलेले मांस म्हणजे मांसच नव्हे, हे आपल्या सासूबाईंचे मत या जिल्ह्यात सर्वांचे कधीच नव्हते. मांसाच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर उन्हात वाळवायच्या, कडकडीत झाल्या की भरून ठेवायच्या आणि पावसाळ्यात हाताला काम नसताना कालवणात टाकायच्या, ही चान्यांची रीत गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या होती. त्या वासाला नाके मुरडणाऱ्यांच्या घरी आठवडी बाजारातली सुकट मात्र बिनदिक्कत शिजत असे. परदेशी डब्याला आज कोणी ‘हलक्या’ लोकांचे खाणे म्हणत नाही. चान्यांना ते कायम ऐकावे लागले. त्यामुळे ‘ताज्या मांसाची आपली परंपरा’ असे कोणी सरसकट म्हणू लागले, की ती नेमकी कोणाची, हे मी विचारतोच.

डफरीन_चौक
सीनाकाठ यांच्याशी शंभर टक्के सहमत आहे, पण डबा उघडण्यापूर्वी प्रकृतीचाही विचार व्हावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असे त्यांचे अनुमान आहे. ते रोज खाणाऱ्यांसाठी आहे. एका डब्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. मिठाचे प्रमाण मात्र भरपूर असते, त्यामुळे रक्तदाब असलेल्यांनी बेतानेच खावे.

डब्याची शिवण अवश्य तपासा. १९६४ मध्ये स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन शहरात चारशेहून अधिक लोकांना विषमज्वर झाला. त्याचा माग अर्जेंटिनाहून आलेल्या कॉर्न्ड बीफच्या (खारवलेल्या गोमांसाच्या) डब्यापर्यंत गेला. तापवलेले डबे थंड करायला नदीचे अशुद्ध पाणी वापरले होते आणि ते आत झिरपले, असा निष्कर्ष निघाला. तेव्हा डबा फुगलेला, शिवणीवर चेपलेला किंवा खोल गंजलेला असेल तर न चाखता टाकून द्या. चांगला असेल तर काप तव्यावर खरपूस परता आणि उरलेले मांस डब्यात न ठेवता झाकणाच्या भांड्यात काढून, फ्रिजमध्ये ठेवून, तीन दिवसांत संपवा.