अनुभव धागा : जिल्हा परिषद शाळेचा जाब कुणाला आणि कसा विचारायचा?

शिक्षक कमी, स्वच्छतागृहाला पाणी नाही, अनुदान कुठे गेलं ते कळत नाही. पारावर याची चर्चा खूप होते आणि तिथेच विरते. समितीत, ग्रामसभेत, पंचायत समितीत ज्यांनी हे काम केलंय त्यांनी नेमकं लिहावं : कुठला कागद, कुणाकडे, किती दिवसांत. आपबीती नको, रीत सांगा. पक्षांवर घसरू नये.

माजी समिती अध्यक्ष

सुरुवात शाळा व्यवस्थापन समितीपासून. १२ ते १६ सदस्य, मुख्याध्यापक सचिव म्हणून त्याबाहेर. किमान ७५ टक्के पालक, निम्म्या महिला, अध्यक्ष पालकांमधूनच. मुदत दोन वर्षं, बैठक महिन्याला निदान एक.

घोळ निवडीतच होतो. पालकसभा होतच नाही. यादी आधी ठरते आणि सह्यांसाठी वही घरोघर फिरते. म्हणून सभेची लेखी सूचना मुलांबरोबर घरी आली का, ते आधी बघा. सभेत नावं वर्गवार मागवा. इतिवृत्त तिथेच मोठ्याने वाचून घ्या, मग सह्या करा, आणि शेवटच्या सहीखाली रेघ ओढा. कोरी जागा सोडली की तिथे पुढे 'सर्वानुमते मंजूर' उगवतं. त्याच दिवशी पानांचे फोटो काढून ठेवा.

हिशेब तपासलेली पालक सदस्य

पैशांचं सांगते. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं : ३० मुलांपर्यंत १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, हजारापर्यंत ७५ हजार, त्यापुढे एक लाख. यातला किमान १० टक्के खर्च स्वच्छतेवर करायचा असतो. रक्कम बरेचदा वर्ष सरत आल्यावर येते, मग मार्चअखेरच्या घाईत गरज नसलेली खरेदी होते. त्यावर इलाज म्हणजे शाळा विकास आराखडा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे तो समितीनेच करायचा असतो. आराखड्यात 'मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार, पाण्याची टाकी' असा क्रम आधीच ठरला असेल, तर पैसे आल्यावर रंगरंगोटी पुढे रेटता येत नाही.

'हिशेब दाखवा' असं मोघम म्हणू नका. कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), व्हाउचर फाइल, बँक पासबुक आणि डेडस्टॉक रजिस्टर (टिकाऊ वस्तूंची नोंदवही), चारही एकाच टेबलावर मागा. ठराव, पावती आणि प्रत्यक्ष वस्तू जुळतात का बघा. खडू-फिनेल डेडस्टॉकला सापडणार नाही, तो खपाचा माल आहे, त्यावरून उगीच आरोप नको.

निवृत्त केंद्रप्रमुख

'आम्हाला शिक्षक द्या' हा अर्ज बहुतेक वेळा फाइलला लागतो, कारण त्यात पद मंजूर आहे की नाही हेच नसतं. आधी संचमान्यतेची, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकपदं ठरवणाऱ्या कागदाची, प्रत घ्या. तिच्यात मंजूर पदं कळतात, ती कार्यरत आणि रिक्त पदांशी ताडून बघा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार शिक्षक आहेत. राज्याचे संचमान्यतेचे निकष मात्र शासन निर्णयांनी बदलत आलेत. दोन्ही कागद शेजारी ठेवून तफावत लिहा.

पद मंजूर, माणूस हजेरीपटावर, वर्गात मात्र नाही, असं दिसलं तर तो 'कामगिरीवर' दुसरीकडे असतो. त्या आदेशाची प्रत मागा : कुणी काढला, कधीपर्यंत. तोंडी आदेशावरची कामगिरी लेखी प्रश्न आला की लवकर संपते, हे खात्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

पट ३० सप्टेंबरचा धरतात. पट जेमतेम निकषाइतका असलेल्या शाळेत दोन मुलांच्या आधारमधलं नाव जुळलं नाही, तरी पद हातचं जाऊ शकतं. ही जुळणी जुलैतच पुरी करा. नंतर आंदोलन करून वर्ष हाती लागत नाही.

माहिती अधिकाराचे अर्ज लिहून देणारा

महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टँप चालतो. 'शिक्षक का नाही?' असं विचारलं तर उत्तर येत नाही. कारणं नव्हे, कागद मागायचे. उत्तराची मुदत ३० दिवस, त्यानंतर ३० दिवसांत पहिलं अपील.

तक्रार वेगळी आणि माहिती वेगळी, एका अर्जात कालवू नका. तक्रारीची उतरंड : मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी (प्राथमिक), मुख्य कार्यकारी अधिकारी. पायरी गाळली की अर्ज खालीच परत येतो आणि महिना जातो. प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांक आणि शिक्का दुसऱ्या प्रतीवर घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली लेखी तक्रार दिली, तर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो मान्य नसेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. अर्जात 'कलम ३२' हे शब्द हवेतच.

आधीच्या अर्जाबद्दल प्रश्न

दादा, लोकशाही दिनात, म्हणजे अधिकारी दर महिन्याला लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथे, हेच चालेल का?

माहिती अधिकाराचे अर्ज लिहून देणारा

चालेल ताई, पण आधी तालुक्याचा (तिसरा सोमवार), मग जिल्ह्याचा (पहिला सोमवार). विहित नमुन्यात, १५ दिवस आधी. आस्थापना आणि सेवेचे विषय तिथे घेत नाहीत. म्हणून 'अमुक गुरुजींची बदली' असं न लिहिता 'तिसरीच्या वर्गाला शिक्षक नाही' असं लिहा.

ग्रामपंचायत सदस्य

ग्रामसभेचा ठरावही जोडा. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, जे कमी असेल ते. तहकूब सभेला ती लागत नाही. 'शाळेबाबत चर्चा झाली' या ओळीला वजन नाही. काय हवं, कुणी करायचं, कधीपर्यंत, सूचक, अनुमोदक, सगळं इतिवृत्तात आलं पाहिजे. मार्च २०२२ पासून बऱ्याच जिल्हा परिषदांवर प्रशासक आले, तेव्हा शिक्षण समितीत प्रश्न मांडणारा निवडून आलेला सदस्यच उरला नाही. जिथे तशी स्थिती असेल, तिथे ठरावाची प्रत थेट मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पाठवा.

पोषण आहार पाहणारी आई

पहिली ते पाचवीला मुलामागे तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम. सहावी ते आठवीला १५० आणि ३०. पाचवीपर्यंतची ४० मुलं जेवणार असतील तर चार किलो तांदूळ, ८०० ग्रॅम डाळ. हजेरी वर्गात जाऊन मोजा आणि शिजवण्याआधी धान्य काट्यावर घाला. चव रजिस्टरला सही करायची ती घास खाल्ल्यावरच.